कोंबड्यांनी धरून दिलेला पणजोबा

"सबब आरोपीस तीन महिने सक्तमजुरी," असं माझ्या धाकट्या दिरानं भर बैठकीत खणखणीत आवाजात वाचलं आणि विट्याहून आलेल्या पाहुण्यांनी शेवयांच्या वाट्या खाली ठेवल्या. माझी नात शाहीन हिला बघायला आले होते ते. मुलगा शाहीनच्या मनात भरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी मुलाच्या बापानं, विचारायचं म्हणून विचारावं तसं विचारलं, "खानदान कसं काय तुमचं?" याचं उत्तर ठरलेलं असतं. 'अल्लाची मेहरबानी' म्हणायचं आणि आणखी थोड्या शेवया वाढायच्या. माझा मुलगा तेच म्हणायला तोंड उघडत होता. तेवढ्यात दिरानं बगलेतली रेक्झिनची पिशवी उघडली, सरकारी शिक्क्याची नक्कल काढली, चष्मा सदऱ्याला पुसला आणि आमच्या कुणा एका बाबू पिंजाऱ्यानं जोंधळे चोरल्याबद्दलचा निकाल वाचून दाखवला. चोर कसा सापडला तेही वाचलं. कोंबड्यांनी धरून दिला म्हणे. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. नक्कल हलवत तो पाहुण्यांना म्हणाला, "तवापासनं आमच्या घरात कोंबडी पाळत न्हाईत. पिढ्यान् पिढ्या न्हाई!"

पाहुण्यांची विट्याला पोल्ट्री आहे.

मुलाचा बाप उठला, हात धुतले, रुमालाला पुसले आणि "कळवतो" म्हणाला. आमच्या भागात तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असलं की माणसं भलतंच काहीतरी सांगत बसतात. पोरगं अजून शिकायचं म्हणतंय, आजीला बरं नाही, घराचं बांधकाम काढलंय. ऐकणाऱ्यानं आपलं ओळखायचं. आणि 'कळवतो' म्हणजे तर शिक्काच. गाडी गेली तसं पडद्यामागून शाहीन बाहेर आली, तिनं वाट्या गोळा केल्या आणि मोरीत नेऊन एक एक वाटी घासत बसली. सगळ्या घासून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून घासायला लागली.

माझ्या दिरासारखा बेचैन माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा निपजला नाही, आणि घरातल्या चोराचा एवढा अभिमान असलेला तर कुठंच नसेल. जन्मभर त्यानं एसटी चालवली. कोयनानगरच्या घाटातली वळणं त्याच्या अंगात अशी मुरली आहेत की खुर्चीत बसला तरी तो डावी-उजवीकडं कलत असतो. समोरचा माणूस काही जास्त बोलायला लागला की याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. ब्रेक मारतो तो. दुसऱ्यांच्या बोलण्याला बरोबर मारतो, स्वतःच्या बोलण्याला त्याला ब्रेक नाही. चहा चालत पितो. भाकरी उभ्यानं खातो. मयतीला गेला तर खांदा द्यायला सगळ्यांत पुढं, आणि माती द्यायच्या आधीच त्याला पुढच्या गाडीची वेळ आठवते. नमाजात तेवढा स्थिर असतो, तेही पलीकडचा माणूस म्हणतो की शेवटी मान वळवून सलाम फिरवताना हा आरशात बघितल्यासारखं मागं बघतो. रिटायर झाला, बायको वारली, मुलगा पुण्याला. तेव्हापासून जेवायला आमच्याकडं आहे. आमचं गादीचं दुकान आहे कोरेगावात. पूर्वी आमची माणसं खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव कापूस पिंजत हिंडायची, आता मुलानं मशीन घेतलं आहे. दिराला म्हटलं, दुकानात बस, गिऱ्हाईक बघ. बसला. दुपारपर्यंत दुकानातल्या सगळ्या गाद्यांची जागा बदलली आणि एकही विकली नाही.

हे पूर्वज शोधायचं खूळ हेळव्यामुळं लागलं. हेळवी दरवर्षी येतो, बैल घेऊन, घंटा वाजवत. ज्यांच्या घराण्याची वंशावळ त्याच्याकडं असते त्यांच्या दारात उभा राहतो आणि बापापासून वरपर्यंत सगळी नावं घडाघडा सांगतो. शेजारी सुभेदार राहतात. जमीन, ऊस, दोन पोरं फौजेत. त्यांच्या अंगणात हेळवी सांगत होता, कोण कुठल्या लढाईत पडला, कुणी विहीर बांधली, कुणाच्या दोन बायका. माझा दीर कुंपणाला हात लावून ऐकत उभा. सगळं झाल्यावर म्हणाला, "महाराज, आता आमचं सांगा की." हेळवी चांगला माणूस. हसला नाही. म्हणाला, "भाऊ, तुमची नावं आमच्याकडं न्हाईत. पिंजाऱ्याचं काय, आज हितं, उद्या तितं." त्या दिवशी दिरानं भाकरी बसून खाल्ली. मला तेव्हाच काळजी वाटायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेला. तिथं कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कुणा वकिलाच्या म्हाताऱ्या कारकुनाशी गाठ पडली. तो याला म्हणाला, "ज्याला जमीन न्हाई त्याचं नाव कुठं बघणार तुमी? सातबारा न्हाई, देवळाच्या पायरीवर कोरल्यालं न्हाई. गरीब माणूस कागदावर येतो तो कोर्टातच. एकतर त्यानं कायतरी केल्यालं असतंय, न्हाईतर केल्यालं बघितल्यालं असतंय." झालं. घरी आला तो दारातूनच ओरडत. "भाबी, आपला हेळवी गावला! आपला हेळवी म्हंजी कोर्ट!"

तेव्हापासून त्याचा एक पाय साताऱ्यात आणि एक सांगलीत. पूर्वी या मुलखात संस्थानांच्या हद्दी अशा गुंतलेल्या होत्या की एका गावात चोरी केली आणि ओढा ओलांडला की राज्य बदलायचं. त्यामुळं कागद एका जागी नाहीत. हा अर्ज करायचा, वाट बघायचा, रुमालात बांधलेली दप्तरं सुटली की पुढ्यात बसायचा. बसायचा म्हणजे उभा राहायचा. मोडी शिकला. घाट चढणाऱ्या जुन्या गाडीसारखी वाचतो, मध्येच थांबतो, मागं घसरतो, पुन्हा जोर लावतो. अडलं की साताऱ्यातल्या एका रिटायर मास्तरांच्या घरी जातो. मास्तरांच्या बायकोनं त्याला सांगून ठेवलं आहे की येताना फोन करत जा, आणि येत नसलात तर रोज करा, म्हणजे आम्हाला दुपारी झोपता येईल.

आणि पिंजारी सापडायला लागले. जो सापडेल तो आमचा. 'इमाम वल्द हुसेन पिंजारी' म्हणून कुणी बैलानं शिंग मारल्याच्या भांडणात साक्षीदार होता, तो आमचा. कुणी पळून गेलेल्या माणसाला जामीन राहून फसला, तोही आमचाच. ("एवढा अडाणी हाय म्हंजी आपलाच.") एका बाईनं शिपायाच्या टाळक्यात पिंजणीचा दस्ता घातला होता. तिचं नाव वाचून तो आठवडाभर माझ्याकडं वेगळ्याच आदरानं बघत होता. मी म्हटलं, "अरे, मी या घरात लग्न होऊन आले. तिचं-माझं रक्ताचं नातं कसं असंल?" तर म्हणाला, "भाबी, सवयीवरनं म्हणतोय." आमच्यात निम्मे पुरुष इमाम आणि निम्मे हुसेन, त्यामुळं कुठला इमाम कुणाचा, हे अल्लालाच माहीत. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढ्या शिक्षणावरसुद्धा मला कळत होतं की नाव जुळलं म्हणजे नातं जुळत नाही. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला थांबायचं नव्हतं.

एकदा तर औंधाकडच्या एका गावात गेला. तिथल्या कुणा शेतकऱ्याच्या खापरपणजोबानं आमच्या कुणा तरी पिंजाऱ्यावर फिर्याद केली होती. हा त्या शेतकऱ्याचे आभार मानायला गेला. पिशवी बगलेत, हातात पेढे. शेतकरी मिलिटरीतून आलेला, गोठ्यात धार काढत होता. हा म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्यानं आमच्या म्हाताऱ्याला कोर्टात खेचलं म्हणून आमी हाय हे कळलं. लय उपकार झालं." त्या माणसानं चरवी खाली ठेवली आणि विचारलं, "रानात कुळ म्हणून नाव लावायला आलायसा का?" हा म्हणाला न्हाई. "मग वकील कोण तुमचा?" हा म्हणाला वकील नाही, पेढे आणलेत. तेव्हा तर त्या माणसाची खात्रीच पटली. त्यानं आपल्या चुलतभावाला बोलावलं, चुलतभावानं सरपंचाला बोलावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून त्या नकलेत जमिनीचा उल्लेख तेवढा शोधला, पेढे खाल्ले आणि याला एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना शेतकऱ्यानं खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "पण चोरलं काय हुतं?" "लुगडं," दीर म्हणाला. "आरं तिच्या! मग सोडून द्यायचं हुतं की," असं म्हणून तो बिचारा आपल्या खापरपणजोबावरच चिडला.

शब-ए-बरातला आम्ही गेलेल्यांच्या नावानं फातेहा देतो. हलवा करायचा, ताट ठेवायचं, नावं घ्यायची. पूर्वी चार-दोन नावं असायची आणि हलवा गरम असतानाच तोंडात पडायचा. दिरानं पिशवीतून यादी काढली. आरोपी, साक्षीदार, जामीनदार, दस्तावाली बाई. मौलाना तरुण आहेत, शांतपणानं एकेक नाव घेत गेले. तूप थिजलं. शेवटी म्हणाले, "चाचा, आणखी आहेत का?" दीर म्हणाला, "तपास चालू हाय." मी हलव्याचं ताट उचललं आणि पुन्हा तव्यावर ठेवलं.

हे सगळं मी सहन केलं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. पण शाहीनचं लग्न मोडणं वेगळं होतं. पाहुणे गेल्यावर मी त्याला दारातच सांगितलं, "कळवतो म्हणून गेलेत. कळवतील तवा घरात ये. न्हाई कळवलं तर येऊच नगंस."

"भाबी, त्यांनी खानदान इचारलं. खोटं सांगायचं व्हय?"

"गप बसायचं. गप बसणं खोटं नसतंय."

"मला गप बसता येत न्हाई."

"ते सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. मग तो वळला आणि गेला. जेवण मी डब्यात घालून त्याच्या खोलीवर पाठवत होते, कारण उपाशी ठेवणं हे काही माझ्यानं होत नाही. पण तो खोलीत नसायचाच. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून खालून वर, वरून खाली फेऱ्या मारायचा. सुभेदार फाटकातून विचारायचे, "काय ओ डायवर, आज कुठली गाडी?" आणि घरात शाहीन फिरायची. फोन घेऊन गच्चीवर जायची, खाली यायची, पुन्हा जायची. त्या मुलाचाही फोन येईना. माझा मुलगा मशीनवर बसून कापूस नसताना मशीन चालू करायचा आणि बंद करायचा. मी कडधान्य निवडलं. निवडलेलंच पुन्हा निवडलं. एक माणूस आत आणि एक बाहेर, दोघं फिरत असले की मधल्या माणसाचे पाय आपोआप दुखतात. मला शाहीनला काही सांगता येत नव्हतं. समजूत घालायचं अंग मला नाही. मी तिला एवढंच म्हणाले, "जेव. लग्न मोडलं तरी जेवावं लागतं आणि जमलं तरी."

मग दीर दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. पिशवी बगलेत नव्हती, दोन्ही हातांत धरली होती. म्हणाला, "भाबी, घरात येत न्हाई. हितनंच वाचतो. त्या बाबूचा जबाब मिळाला. निकालात त्यो नव्हता, येगळ्या कागदात हुता. मास्तरांकडनं वाचून आणलाय."

"मला चोराचं काय बी ऐकायचं न्हाई."

"एवढं ऐका. मग न्हाई येत."

त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. तो हलत नव्हता. मी सूप बाजूला ठेवलं. म्हटलं, वाच.

आधी त्यानं साक्ष वाचली, पाहुण्यांपुढं मी रागाच्या भरात नीट ऐकली नव्हती ती. वर्ष दुष्काळाचं. बाबू पिंजारी एका मोठ्या घरी गाद्या पिंजायला गेला होता. काम झाल्यावर टाकाऊ कापसाचं गाठोडं पाठीवर घेऊन वेशीकडं निघाला. वाड्यावरच्या गड्याची साक्ष होती: 'घरच्या कोंबड्या आरोपीच्या मागे लागल्या. हाकलल्या तरी जाईनात. सबब संशय आला.' गाठोडं सोडलं तर कापसात जोंधळे. एका ठिकाणी गाठोडं उसवलं होतं आणि वेशीपर्यंत दाणे सांडत गेले होते.

मग जबाब. दीर अडखळत वाचत होता. 'जोंधळे घेतले हे खरे. बायको मयत आहे. लेकरे चार. तिघे रडावयाचे थांबले. हुसेनबी अजून रडत होती, म्हणून घेतले.' त्यावर साहेबानं विचारलं होतं, यापूर्वी असे केले होते काय? 'होय. याच घरून याच रीतीने नेले. तेव्हा कोंबड्या कोंडलेल्या होत्या.'

दीर कागदाकडंच बघत होता. "पोरगीचं नाव तेवढं हाय. फुडं कायच न्हाई. ही हुसेनबी कोण, जगली का मेली, कुणाला दिली, कुठंच गावत न्हाई. आपल्या कुठल्याच इमामाच्या घरात हुसेनबी न्हाई. म्हंजी ह्यो बी आपला नव्हं. तुमी म्हणत हुता त्येच खरं, भाबी. नाव जुळलं म्हंजी नातं न्हाई. आणि मी असल्या परक्या माणसापायी पोरीचं..."

मी म्हटलं, "तुझ्या दादीमाचं नाव काय होतं?"

त्यानं कागदावरनं मान वर केली. "दादीमाचं? दादीमाच की."

त्याला माहीत नव्हतं. कसं असणार? आमच्यात म्हाताऱ्या बाईला नावानं कोण हाक मारतं? जमीन नव्हती, शाळा नव्हती, मत कधी दिलं नाही. तिचं नाव लिहायची वेळच कधी आली नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी ही आजेसासू पार वाकलेली होती. पहिल्याच वर्षी एकदा पाय चेपताना मला म्हणाली, "पोरी, माझ्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलं न्हाई. कुणाला तरी ठाऊक पायजे म्हणून तुला सांगून ठेवते. माझं नाव हुसेनबी." मी हो म्हटलं आणि दुसरा पाय घेतला. त्यानंतर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

स्वभावानं ती चांगली नव्हती, उगाच कशाला सांगू. चिडकी होती, चिकट होती. झोपायच्या आधी प्रत्येक गादीचे कोपरे बोटांनी दाबून बघायची, दुसऱ्यांच्या अंगाखालच्यासुद्धा, आणि काय शोधते ते सांगायची नाही. जोंधळा निवडताना एक दाणा उडाला तर मला चुलीमागं हात घालून काढायला लावायची. आणि कोंबडी दिसली की दगड. शेजारणीची कोंबडी अंगणात आली तर ही वाकलेली बाई अशी ताठ व्हायची की बघणारा घाबरावा. मटण, कोंबडी, सगळं खायची, पण पाळायची नाही म्हणजे नाही. माझ्या सासूला वाटायचं, कुठल्या तरी पीराला नवस बोललेला असेल. मला वाटायचं, डोकं फिरलंय. तिच्यानंतरही कुणी पाळली नाही. का पाळत नाही हे कुणाला माहीत नव्हतं, आणि दर पिढीला एकेक बाई नव्या सुनेला सांगायची की आपल्यात चालत नाही.

हे मी दिराला सांगितलं. तो खाली बसला. उंबऱ्यावर, पाय पोटाशी घेऊन. मी या घरात आले तेव्हा तो शेंबडा पोरगा होता, तेव्हापासून आजपर्यंत त्याला मी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाला, "मी तिच्या मांडीवर झोपायचो, भाबी."

"व्हय. आणि ती तुझ्या गादीचा कोपरा दाबायची. ऊठ आता. आत ये, जेव. मग विट्याला जायचंय."

"कशाला?"

"नाही म्हणायचं असंल तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं. मला कळवतो चालत न्हाई."

पुसेसावळीकडनं विट्याला जाणारी गाडी धरली. सबंध रस्ताभर दीर पुढच्या सीटच्या दांडीला धरून ब्रेक मारत होता. एकदा ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "काका, तुमीच या की फुडं." हा खरंच उठला. मी सदरा धरून बसवला.

पोल्ट्री गावाबाहेर आहे, मागं घर. आम्हाला बघून मुलाचा बाप खाद्याचं घमेलं हातात घेऊन तसाच उभा राहिला, बायको घराच्या दारात आली. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "तुमी खानदान इचारलं हुतं. माझ्या दिरानं निम्मं सांगितलं, निम्मं मी सांगाय आले. त्या चोराची लेक माझी आजेसासू. चोरीच्या जोंधळ्यावर जगली. शाहीन तिच्या रक्ताची हाय. चालत असंल तर सांगा, नसंल तर सांगा. पण आता सांगा."

तो माणूस गोंधळला. बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "खाला, म्हंजी तुमी न्हाई म्हणत नव्हता व्हय?"

"कोण म्हणालं न्हाई?"

"चाचा! आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोंबडी पाळत न्हाईत म्हणालं. पोल्ट्रीवाल्याच्या तोंडावर! आमी म्हणलं, पोरगी द्यायची न्हाई, तोंडावर बोलवत न्हाई म्हणून एवढी लांबड लावली. कोंबड्यांनी चोर धरला म्हणं! असलं कुठं घडतंय व्हय? आमचं पोरगं तवापासनं जेवत न्हाई."

"कळवतो का म्हणालात मग?"

"मान राखून उठायचं म्हणल्यावर काय म्हणायचं, खाला?"

माझ्या दिरानं पिशवीतून नक्कल काढली आणि पुढं केली. "घडल्यालं हाय. शिक्का बगा." त्या माणसानं घमेलं खाली ठेवून ती उभ्याउभ्याच वाचली. शेडमधून हजारो कोंबड्यांचा कलकलाट येत होता. वाचून झाल्यावर त्यानं शेडकडं एकदा असं बघितलं, जसं काही चोर धरून देणारी त्यांच्यातलीच कुणी असेल. मग बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक. आणि पोराला सांग, जेव म्हणावं."

निघताना तो आम्हाला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागेपर्यंत घुटमळत होता. शेवटी दिराला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आमचं बी कोण कोर्टात गावतंय का बगा की. लहानसहान काय बी चालंल." दिरानं त्याच्या आजोबाचं नाव, पणजोबाचं गाव, सगळं तिथंच विचारून घेतलं. गाडी सुटली तरी हा खिडकीतून ओरडून विचारत होता, "जामीन बिमीन कोण ऱ्हायलं हुतं का?"

शाहीनचं लग्न झालं. तिच्या गादीचा कापूस मशीनवर घातला नाही. दिरानं माळ्यावरची जुनी पिंजण काढली, तिची तात, म्हणजे दोरी, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा लागली, आणि सबंध घर कापसानं पांढरं झालं. शिवताना एका कोपऱ्यात मी मूठभर जोंधळे घातले. शाहीन म्हणाली, "दादी, टोचंल की." मी म्हटलं, टोचू दे.

यंदाच्या शब-ए-बरातला मौलानांनी यादीसाठी हात पुढं केला. दिरानं पिशवी आणली नव्हती. फक्त दोन नावं घ्या म्हणाला, बाबू आणि हुसेनबी. हलवा गरम होता. तरी तो अजून साताऱ्याला जातोच. बाप तीन महिने तुरुंगात असताना ती पोरगी कुणाच्या दारात होती, कुणी तिला भाकरी दिली, ते त्याला शोधायचं आहे. ते कुठल्याच कागदात नाही. कोर्टाला त्याच्याशी काम नव्हतं. मी त्याला सांगते, सापडणार नाही. तो म्हणतो, बघू या, आणि चहा पीत पीत रस्त्याला लागतो. हल्ली मी त्याला अडवत नाही, डबा देते.

बाबू पिंजाऱ्याचं पुढं काय झालं, तेही सापडलेलं नाही. त्याची बायको त्या वर्षी गेली, तीन लेकरं गेली. हुसेनबी जगली.